लालबागच्या गच्चीवरचा ऊर्जेचा वर्ग : कामाच्या नोंदी

२१ जून २०२५, शनिवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. आठवी-नववीची मुलं, बहुतेक आजूबाजूच्या चाळींतली. काही पालिकेच्या शाळेतली, काही इंग्रजी माध्यमातली. विषय : वीज कशापासून बनते, आणि कोळसा सोडून सूर्य-वाऱ्याकडे जायचं म्हणजे नेमकं काय करायचं. असा वर्ग आणखी कुणाला घ्यायचा असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. लागलेले पैसे आणि फुकट गेलेल्या दुपारी, दोन्ही लिहिणार आहे.

पहिला नियम : थर्माकोल बंद. शालेय विज्ञान प्रदर्शनातली पवनचक्की आठवून बघा. हिरवा रंगवलेला भुसा, त्यावर थर्माकोलचा खांब, आणि बटण दाबलं की सेलवर गरगरणारं पातं. म्हणजे पवनचक्की वीज खाते! मुलांना त्यात काही खटकत नाही आणि बक्षीस देणाऱ्यांनाही नाही.

दुसरा नियम : कुठल्याही गोष्टीला दोन प्रश्न विचारायचे, किती? आणि कधी? फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेत. ते पुसायचे नाहीत.

वाऱ्यापासून सुरुवात केली, कारण जूनमध्ये गच्चीवर वारा फुकट मिळतो. खेळण्यातली मोटर आणि बाटली कापून केलेली पाती. मीटरवर व्होल्टचा दहावा भाग कसाबसा दिसला, एलईडी पेटायला दोनेक व्होल्ट तरी हवेत. या मोटरा मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या हिशेबाने बनवलेल्या असतात. गिअर लावून वेग वाढवावा तर जोर इतका लागतो की पातं हलतच नाही. शिवाय उंच इमारतींमधला वारा एका दिशेने येत नाही, भोवंडतो. साताऱ्याजवळ चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या आहेत, हे मात्र यातून कळलं. करायचंच असेल तर टेबल फॅनसमोर करा. आम्ही तो भाग सोडून दिला.

५ जुलै

घरून लाइट बिल आणायला सांगितलं होतं. निम्म्या मुलांनी आणलं नाही. कुणाच्या घरी बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर, कुणाकडे दोन खोल्यांत एक मीटर, कुणाचे बाबा म्हणाले, ‘बिल कशाला बाहेर दाखवायचं?’ ज्यांनी आणली त्यांच्यात एका मुलाचं बिल एसीमुळे बाकीच्यांच्या चौपट निघालं आणि सगळे त्याच्याकडे बघायला लागले. वीस मिनिटं वीज बाजूला राहिली, कोण किती श्रीमंत यावरच चाललं.

पुढच्या वेळेपासून पद्धत बदलली : बिल घरीच ठेवायचं, चिठ्ठीवर नाव न घालता फक्त युनिट लिहून डब्यात टाकायचे. लगेच सगळ्यांच्या चिठ्ठ्या आल्या. ज्यांना हा उपक्रम करायचाय त्यांनी थेट इथूनच सुरुवात करावी.

बिलावरच्या ओळी वाचायला मात्र मजा आली. शंभर, तीनशे, पाचशे युनिटांचे टप्पे आणि टप्पा ओलांडला की चढणारा दर, वहन आकार, वर १६ टक्के विद्युत शुल्क. एक युनिट म्हणजे हजार वॉटची वस्तू एक तास चालवणं, हे पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं होतं. पण ‘आपल्याकडे पंखा किती तास चालला की एक युनिट होतं?’ याला उत्तर नव्हतं. (साधा पंखा धरला तर साधारण तेरा-चौदा तास.)

१९ जुलै

एका मुलीने बातमी आणली : देशातली निम्मी वीज आता स्वच्छ. ‘मग ताई, आपण हे शिकतोय कशाला? झालंच की!’

बातमी खरी आहे, पण ती स्थापित क्षमतेची, म्हणजे सगळी केंद्रं पूर्ण ताकदीने चालली तर किती वीज देऊ शकतील त्याची. कोळसा, वायू, तेल सोडून बाकीच्या सगळ्या स्रोतांची मिळून क्षमता देशाच्या एकूण क्षमतेच्या ५० टक्के झाली. त्यात मोठी धरणं येतात आणि तारापूरसारखे अणुप्रकल्पही. २०३० साठी ठेवलेलं हे लक्ष्य पाच वर्षं आधी गाठलं गेलं. पण २०२४-२५ मध्ये प्रत्यक्षात जी वीज तयार झाली, तिच्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशावरची होती.

हे सांगितलं आणि सगळे चेहरे कोरे. क्षमता आणि निर्मिती यांतला फरक तोंडी सांगून डोक्यात शिरत नाही. म्हणून लॅमिंग्टन रोडवरून १० वॉटचं सोलर पॅनल आणलं (८५० रुपये). ठरवलं की आपल्याच पॅनलची क्षमता विरुद्ध निर्मिती मोजायची.

तिथेच आठवडा गेला. धो धो पाऊस, आभाळ काळं, आणि मल्टिमीटर दाखवतोय १८ व्होल्ट! पोरं खूश : ‘पावसातही फुल्ल चालतंय!’ काहीही जोडलेलं नसताना पॅनल अंधुक उजेडातही जवळजवळ पूर्ण व्होल्टेज दाखवतं. त्याच पॅनलला १२ व्होल्टचा छोटा दिवा लावला आणि व्होल्टेज धाडकन खाली आलं, दिवा पेटलाच नाही.

मग दिव्याच्या जागी ओझं म्हणून तीस ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावून मोजायला लागलो. ते आमच्या वायरमन काकांनी मोडीत काढलं : एकच रेझिस्टर सगळ्या हवेला चालत नाही. ढगाळ दिवशी पॅनल जेवढं देऊ शकतं त्याहून फारच कमी दिसतं. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा निघाला. पॅनलची दोन टोकं मीटरमधूनच जोडायची आणि शॉर्ट सर्किट करंट मोजायचा. तो उन्हाच्या प्रमाणात वाढतो-घटतो. आमच्या पॅनलवर छापलेला आकडा ०.६२ अँपिअर. मीटरवर ०.०६ आले तर पॅनल दहाव्या भागाने चाललंय, म्हणजे साधारण एक वॉट. हिशेब ढोबळ, पण आठवीतल्या मुलाला जमतो.

दर तासाला एकाने गच्चीवर जाऊन आकडा लिहायचा. पावसाच्या दिवसाची बेरीज आली १२ वॉट-तास. दहा वॉट गुणिले चोवीस तास म्हणजे २४०. फळ्यावर २४० शेजारी १२ लिहिलं, तेव्हा बातमी आणणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे क्षमता निम्मी आणि वीज निम्मी हे वेगळं.’ मला पुढे काही सांगायची गरज उरली नाही.

२ ऑगस्ट

एक मल्टिमीटर गेला. करंट मोजताना लाल वायर १० अँपिअरच्या भोकात होती, ती तशीच ठेवून एकाने बॅटरीचं व्होल्टेज मोजायला घेतलं. ठिणगी, धूर, वायरीचं प्लास्टिक वितळलं. स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुधा फ्यूजच नसतो, म्हणजे आपण बॅटरी सरळ शॉर्ट करतो. कुणाला लागलं नाही. आता त्या भोकावर लाल चिकटपट्टी आहे आणि करंटचा मीटर वेगळा, व्होल्टेजचा वेगळा. तीनशे रुपयांचा मीटर वाचवायला जाऊ नका, दोन घ्या.

आज प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला (९५० रुपये). या सगळ्या सामानातली सर्वांत चांगली खरेदी. मुलांनी आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं.

मोबाइल चार्जर नुसता प्लगमध्ये : शून्याच्या आसपास. वर्गातली निम्मी पोस्टरं ‘चार्जर काढा, देश वाचवा’ छापाची होती, ती गपचूप खाली उतरली. सेट-टॉप बॉक्स, टीव्ही बंद असताना : १० वॉट. रात्रंदिवस म्हणजे महिन्याला सात युनिट, कुणीही काही न बघता. छताचा पंखा (काकांनी उतरवून बोर्डावर जोडून दिला) पूर्ण वेगात ७२ वॉट. जुन्या डबा-रेग्युलेटरवर वेग कमी केला तरी मीटर फारसा उतरला नाही, कारण उरलेली वीज रेग्युलेटरच्या तारेत तापून जाते. नव्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर आकडा निम्म्याच्या आत आला. इलेक्ट्रिक किटलीत लिटरभर पाणी : ०.१ युनिट. हा आकडा वहीत चौकटीत लिहायला लावला, पुढे सायकलला लागणार आहे.

घरोघरी मीटर नेऊन मोजायचं ठरलं. एका आजींनी फ्रिजचा प्लग काढू दिला नाही. ‘दूध नासेल’ म्हणाल्या. बरोबरच आहे.

यानंतर दहीहंडी, मग गणपती. लालबागमध्ये या दिवसांत वर्ग घेण्याचा विचारही करू नये. मुलं, खोली आणि वायरमन काका तिन्ही मंडळाच्या ताब्यात असतात.

१३ सप्टेंबर

सायकल जनरेटर. कुर्ल्याच्या भंगारातून इलेक्ट्रिक सायकलची २४ व्होल्टची जुनी मोटर, ९०० रुपये. आधी मोटरचा रोलर मागच्या टायरला टेकवून बघितला. टायर घसरतो, रबराचा वास सुटतो, दिवा मिचमिचतो. दुपार गेली. मग टायर-ट्यूब काढून टाकली आणि रिमच्याच खोबणीत व्ही-बेल्ट बसवला, तो मोटरच्या छोट्या पुलीवर. पुली लेथवर करून घ्यावी लागली (४००), स्टँडचं वेल्डिंग १,२००. बेल्ट ताणायला मोटरच्या बैठकीत लांबट भोकं ठेवा, नाहीतर प्रत्येक वेळी वेल्डरकडे जावं लागेल.

पहिल्याच फेरीत एका दांडगोबाने रिकामी सायकल जोरात मारली आणि मग मी एलईडी जोडला. फट्. व्होल्टेज वीसच्या वर गेलेलं. १२ व्होल्टचे दिवे असे गेले, प्रत्येकी ८० रुपये. आता क्रम ठरलाय : आधी गाडीच्या हेडलाइटचा हॅलोजन जोडायचा, तो ओझं देतो आणि व्होल्टेज आटोक्यात ठेवतो. मग बाकीचं.

पण दिवसाचं सोनं झालं ते याच हॅलोजनने. ५ वॉटचा एलईडी असताना पायाला काही कळतच नाही, गप्पा मारत सायकल चालते. स्विच फिरवून ५५ वॉटचा हॅलोजन लावला की पेडल चिखलात रुतल्यासारखं जड. प्रत्येकाला एकदा बसवलं. वॉट म्हणजे काय हे आता मांड्यांना माहीत आहे.

मोजलं तर आमची मुलं टिकून टिकून ४० वॉट देतात. मग कोणीतरी चौकटीतला आकडा काढला : ०.१ युनिटला किती वेळ? अडीच तास. एका किटलीच्या पाण्यासाठी! आणि पूर्ण युनिटला पंचवीस तास. एक मुलगा हिशेब करून म्हणाला, ‘आमच्या घरी महिन्याला १४० युनिट. म्हणजे किती माणसं खाली सायकल मारतायत?’ हे वाक्य फळ्यावर ठेवलंय. (साधारण पाच, रात्रंदिवस, न थांबता.)

२७ सप्टेंबर

१२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी जोडली (१,०५०). जोडताक्षणी सायकलचं चाक आपोआप फिरायला लागलं. वर कुणी नाही आणि चाक पळतंय. मुलं आधी दचकली, मग हसून लोटपोट.

बॅटरीची वीज उलटी मोटरकडे जात होती. उपाय : मधे एक मोठा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देतो), २० रुपये. पण तो लावायची घाई केली नाही, अर्धा तास तसंच खेळू दिलं. तीच मोटर, फिरवली तर वीज देते, वीज दिली तर फिरते. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात १५० मेगावॅटचा एक संच याच तत्त्वावर आहे : गरज असेल तेव्हा पाणी खाली सोडून वीज, वीज जास्त झाली की तेच पाणी पुन्हा वर. सौर वीज दुपारी ढीगभर आणि मागणी संध्याकाळी, तर मधला वेळ कसा भरून काढायचा? ‘कधी?’ हा प्रश्न आतापर्यंत फळ्यावर नुसता लटकत होता. आज त्याला काम मिळालं.

आमच्या अख्ख्या बॅटरीत ८४ वॉट-तास. कुणीतरी लगेच म्हणालं, एक किटलीसुद्धा नाही.

११ ऑक्टोबर

उद्या १२ ऑक्टोबर. २०२० साली याच तारखेला सकाळी दहाच्या सुमारास सगळी मुंबई अंधारात गेली होती, लोकल जागच्या जागी थांबल्या. ही मुलं तेव्हा तिसरी-चौथीत. त्यांना एवढंच आठवतं की ऑनलाइन शाळा बुडाली. त्या दिवशी कळवा-पडघे-खारघर भागातून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या बंद पडल्या आणि शहरात तयार होणारी वीज मागणीला पुरली नाही. नकाशावर दोरे लावून बघितलं : ट्रॉम्बेचं केंद्र (कोळसा जहाजाने येतो), डहाणूचं ५०० मेगावॅट, घाटातली जलविद्युत, आणि उरलेलं लांबून तारांवरून. आपल्याला बिल देणारी बेस्ट आज स्वतः वीज बनवत नाही, विकत घेऊन वाटते.

उलट दिशेने गेलो तर जास्त रंगलं. १९०५ मध्ये वाडीबंदरला कोळशावरचं वीजघर, १९०७ मध्ये विजेची ट्राम. आणि १९१५ मध्ये खोपोलीहून पाण्यावरची वीज मुंबईत आली, ती मुख्यतः गिरण्यांसाठी. म्हणजे कोळशाच्या बॉयलरवरून पाण्यावर जाण्याचं स्थित्यंतर याच गल्ल्यांत शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेलंय. ज्यांचे पणजोबा गिरणीत होते त्या मुलांना हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मला वाटतं, मुंबईत ऊर्जेचा कुठलाही वर्ग सौर पॅनलपासून सुरू करण्याऐवजी इथून सुरू करावा. पुढच्या वर्षी मी तेच करणार.

८ नोव्हेंबर

खोपोली. दादरहून लोकल, डबे घरचे. वीजकेंद्रात आत जायची परवानगी मिळाली नाही. अर्ज खूप आधी करायला हवा आणि तो शाळेच्या लेटरहेडवर असेल तर बरं. बाहेरूनच घाटातून उतरणारे जाडजूड पाइप दाखवले. ते पुरेसं झालं, कारण प्रश्न पाइपांपाशीच सुरू झाले.

लोणावळा, वळवण, शिरवटा इथलं पाणी मुळात इंद्रायणीकडे, म्हणजे पूर्वेला वाहणारं. ते घाटाखाली वळवून वीज बनते आणि पाणी पाताळगंगेत जातं. ‘पाणी संपत नाही ना, मग नवीकरणीयच की,’ एक जण. ‘पण पुण्याकडच्यांचं पाणी आपण घेतलं ना?’ दुसरी. तिचं आजोळ मुळशी तालुक्यात. मग मुळशीचं धरण, त्यात बुडणारी गावं आणि १९२१ पासूनचा सेनापती बापटांचा सत्याग्रह हे सगळं स्टेशनच्या बाकावर बसून झालं. मुळशीचंच पाणी भिऱ्याला जातं. तिथून सुटणाऱ्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं हे ऐकल्यावर राफ्टिंगला जाऊन आलेला एक जण म्हणाला, ‘म्हणून ते सकाळी लवकर या सांगतात!’

स्वच्छ वीज म्हटली की सगळं गोड, असं मुलांना शिकवायचं नाही हे मी ठरवलंय. परतीच्या गाडीत दोघी भांडत होत्या की गावं बुडवलेली बरोबर की चूक. मी मध्ये पडले नाही.

२२ नोव्हेंबर

स्वच्छ ऊन. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, सुमारे १९ अंश कलतं (मुंबईचा अक्षांश तेवढाच). दर तासाचे आकडे : सकाळी नऊपासून छान चढते, बाराला ०.५८. आणि तीन वाजता धपकन ०.०७. आकाशात ढग नाही.

शेजारच्या टॉवरची सावली. जिथे गिरणीचं आवार होतं तिथला टॉवर. दिवसाची बेरीज ३८ वॉट-तास. जुलैच्या तिप्पट, तरी २४० च्या सहाव्या भागाहून कमी. मुलांनी खडूने गच्चीवर तासातासाच्या सावलीच्या रेषा मारल्या. एका रेषेवर अर्धं पॅनल ठेवून पाहिलं, तर अर्ध्या सावलीत निम्मी वीज मिळत नाही, जवळजवळ सगळीच जाते. सेल एकामागून एक जोडलेले असतात, एक अडला की पुढचे अडतात. आता पुढच्या चाळीतली मुलंही टॉवरकडे बोट दाखवून ‘करंट खाल्ला’ म्हणतात.

१३ डिसेंबर

चाळ कमिटीने विचारलं, मुलं एवढं मोजतायत तर जिन्याच्या आणि पंपाच्या बिलाचं काहीतरी सांगा. पहिलंच खरं गिऱ्हाईक.

मुलांनी मोजलेलं : जिन्यात-गॅलऱ्यांत २४ जुन्या ट्यूबलाइट, चोकसकट प्रत्येकी सुमारे ५२ वॉट, रोज बारा तास. म्हणजे १५ युनिट. पंप दोन तास, साडेचार युनिट. गच्चीवर सोलर? एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पण खडूच्या रेषांप्रमाणे गच्चीचा पूर्वेकडचा अर्धाच भाग कामाचा. तिथे तीन किलोवॅट बसतील, आणि दुपारनंतरची सावली धरली तर बारा युनिटसुद्धा नाहीत.

मग फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत एकीने उलटा हिशेब मांडला. ट्यूब काढून २० वॉटचे एलईडी बॅटन (ट्यूबसारखेच लांब दिवे) लावले तर १५ चे ६ युनिट होतात. रोज नऊ वाचले. नऊ युनिट बनवायला सव्वादोन किलोवॅटचं सोलर लागेल, खर्च लाखावर. बॅटन २४, प्रत्येकी २२० रुपये : ५,२८०.

कमिटीत वाचून दाखवायला दोघं गेली. सोलरला लगेच नकार : चाळ पुनर्विकासात जाणार, गच्चीवर पैसे कोण घालणार? गेली कित्येक वर्षं ती जाणारच आहे, पण तो विषय वेगळा. बॅटनवर अर्धा तास चर्चा, मुख्यतः जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांचं काय करायचं यावर. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, ‘ताई, त्यांना पैसे कळतात, युनिट कळत नाहीत.’ पुढच्या वेळी तक्ता रुपयांत करणार.

१० जानेवारी २०२६

हिशेब : पॅनल ८५०, मल्टिमीटर तीन ९००, वॉटमीटर ९५०, मोटर ९००, बेल्ट १८०, स्टँड १,२००, पुली ४००, बॅटरी १,०५०, डायोड २०, हॅलोजन १२०, एलईडी तीन २४०. एकूण ६,८१० रुपये. सायकल भाच्याची जुनी, म्हणून फुकट. मंडळाच्या शैक्षणिक निधीतून पाच हजार मिळाले, बाकीचे मी घातले. परत करायचं झालं तर वाऱ्याच्या भागावर आणि रोलरवर वेळ घालवणार नाही. वॉटमीटर पहिल्याच आठवड्यात आणेन.

कमिटीने दोन मजल्यांचे बॅटन मंजूर केले. काका आणि नववीतली दोघं रविवारी बसवणार आहेत. वरच्या मजल्यांचं वार्षिक सभेनंतर. तोपर्यंत जिन्याच्या मीटरचं रीडिंग दर शनिवारी लिहायचं काम सातवीतल्या एका मुलीने मागून घेतलंय.